गुरुवारी पाणी बदलू नये

आमच्या गोठ्याच्या दारावर आतल्या बाजूने खडूने एक ओळ लिहिलेली होती: ‘गुरुवारी पाणी बदलू नये.’ अक्षर बाईंचं. ती ओळ वाचून माझ्या आईने बाईंना दत्तभक्त ठरवून टाकलं होतं. दर गुरुवारी ती त्यांना उपासाची म्हणून केळी आणि शेंगदाण्याचे लाडू पाठवायची. बाई ते आवडीने खायच्या आणि दुपारी वर भाकरी-पिठलंही खायच्या. आईला हे कोडं बरेच दिवस सुटलं नाही. खरं कारण एवढंच होतं, की आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, आणि लाइट नसली की मोटर चालत नाही.

बाईंबद्दल लिहायला बसले की मी या ओळीपाशीच येऊन अडते. तरी आज लिहायचंच, असं ठरवलंय.

बाई म्हणजे आमच्या भाडेकरू. आम्ही मुळशीतल्या माण गावचे. आमची बरीचशी जमीन कंपन्यांच्या इमारतींखाली गेली. उरलेल्यातल्या एका तुकड्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोल्या बांधल्या आणि त्यात कंपनीतली मुलं राहायला आली. म्हशीही विकल्या. गोठा तेवढा आबांनी पाडू दिला नाही. पण ते आतही जात नसत. रिकाम्या गव्हाणी बघवत नाहीत, असं ते म्हणायचे नाहीत. ‘तितं काय हाय आता?’ एवढंच म्हणायचे.

आणि एक दिवस बाई आल्या. साठी ओलांडलेली, बारीक चण, सुती साडी गुडघ्याच्या खाली कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी खोचलेली, पायात गमबूट. खोल्या बघायला म्हणून आलेल्या माणसाने आधी खिडकी बघावी, नळ बघावा. त्यांनी थेट गोठा बघितला. फरशीचा उतार बघितला, मूत वाहून जायची मोरी बघितली, वरचा पत्रा बघितला.

“अहो, पावसाचं पाणी या पत्र्यावरून कुठे जातं?”

आबा म्हणाले, “कुटं जानार बाई? खाली जातं.”

बाई इतक्या हसल्या, की आबांनाही हसू आलं. त्याच आठवड्यात गोठा त्यांचा झाला. त्यांनी पन्हाळी लावून घेतल्या, जमिनीखाली एक मोठी टाकी बांधून घेतली आणि गव्हाणींच्या जागी फायबरच्या लांबलचक टाक्या ठेवल्या. मग कोकणातून एक टेंपो आला. त्यातून ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या वस्तू उतरल्या. अख्खी आळी बघायला जमली होती. गोणपाट उघडल्यावर निघाला जहाजाचा एक गंजका नांगर, काही खापरं आणि एक काळी लाकडी फळी. आळी निराश होऊन पांगली.

बाईंची सगळी नोकरी जुन्या वस्तू राखण्यात गेली होती. जमिनीतून निघालेल्या, आणि त्याहून जास्त पाण्यातून निघालेल्या. निवृत्त झाल्यावर किनाऱ्यावरच्या एका छोट्या संग्रहालयाने खाडीत सापडलेल्या या वस्तू त्यांच्याकडे सोपवल्या. समुद्रात पडलेल्या वस्तूच्या आत मीठ शिरून बसतं. तशीच वाळवली तर मिठाचे खडे आतून फुगतात आणि वस्तू फुटते. म्हणून तिला गोड्या पाण्यात ठेवायचं, पाणी बदलायचं, परत ठेवायचं. महिने, कधी वर्षं. पावसाचं पाणी त्याला सगळ्यात चांगलं. किनाऱ्यावर वाऱ्यातही मीठ असतं; आमच्या मुळशीत बिनमिठाचं पाणी पाहिजे तेवढं मिळतं, म्हणून त्या इकडे आल्या होत्या. आमच्याकडे लोक कंपनीसाठी येतात. पावसासाठी आलेल्या मला माहीत असलेल्या त्या एकट्याच.

त्या सगळ्यांना ‘अहो’ म्हणायच्या. आबांना, आईला, दूधवाल्याला, मला, आणि आमच्या मोत्यालासुद्धा. “अहो, सरका बरं जरा,” असं कुत्र्याला म्हणणारी बाई आमच्या आळीत आधी कुणी बघितली नव्हती. आणि गंमत म्हणजे मोत्या सरकायचा. आमच्यावर तो भुंकायचा.

‘साफ कर’ हा शब्द त्यांना चालत नसे. ‘उघडं कर’ म्हणायचं. वस्तूवरचा चिखल आपण साफ करत नाही, चिखलातून वस्तू उघडी करतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी तान्ह्या बाळांचे मऊ ब्रश वापरायच्या. चौकातल्या मेडिकलवाल्याकडून दर महिन्याला डझनभर ब्रश घ्यायच्या. शेवटी त्याने विचारलंच, “मावशी, नातवंडं किती?”

“एकच आहे.”

“एकाला एवढे ब्रश?”

“तीनशे वर्षांचं आहे हो. दात फार खराब झालेत.”

मेडिकलवाला त्यानंतर त्यांच्याशी फार बोलत नसे.

गोठ्यात मीठ न्यायला बंदी होती. चिवडा, वेफर्स, लोणचं तर नाहीच. पण उन्हाळ्यात घाम आलेला असेल तरी दारातच थांबवायच्या. “अहो, कोपरापर्यंत हात धुवा. घाम म्हणजे खारं पाणीच.” कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला. घरात सांगायची हिंमत नव्हती, कारण आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि विषय राहतो म्हणजे काय हे समजावण्यापासून सुरुवात करावी लागली असती. मी गोठ्यात जाऊन टाकीपाशी रडायला लागले. बाईंनी पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता समजूत घालतील.

“अहो मुली, रडायचं तर बाहेर जाऊन रडा. इथे मीठ पडतं.”

मी बाहेर पायरीवर जाऊन रडले. त्याही मागोमाग येऊन शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “झालं?”

“झालं.”

“मग हात धुवा, चला.”

मी त्यांच्याकडे कशी शिकायला लागले, हे नीट सांगता येत नाही. चहा घेऊन जायचे, तेवढंच निमित्त. त्यांनी विचारलं, कुठला विषय? मी म्हटलं, केमिस्ट्री. “मग सिल्व्हर नायट्रेट ओळखत असाल.” मी ते समीकरणात ओळखत होते, परीक्षेला यायचं. बाईंनी टाकीतलं थोडं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि त्यात दोन थेंब टाकले. नितळ पाणी बघता बघता पांढरं झालं, दुधासारखं.

“हे आतलं मीठ. फळी अजून मीठ सोडते आहे.”

हे आबांनी दारातून बघितलं. म्हशी विकल्यापासून पहिल्यांदा ते उंबरा ओलांडून आत आले. “बाई, परत करा की.” बाईंनी परत केलं. आबा परीक्षानळी उजेडात धरून बघत राहिले. “गोठ्यात दूध आलं म्हनायचं.”

त्या दिवसापासून तो शब्द पडला तो पडलाच. आठवड्याने पाणी बदलायच्या आधी बाई विचारायच्या, “अहो मुली, दूध आलं का?” मी सांगायचे, आलं. किंवा, कमी आलं. आबा शेतातल्या उरलेल्या तुकड्यावरून येताना बाहेरूनच ओरडायचे, “बाई, आज किती लिटर?” ज्या गोठ्यात दूध आटलं की घर काळजीत पडायचं, तिथे आम्ही तिघं दूध आटायची वाट बघत होतो. माझ्या बोटांना त्या औषधाचे काळे डाग पडायचे. आई लिंबाने घासायची, “पावनं बगायला आलं म्हंजी काय सांगू?” म्हणून कुरकुरायची. डाग जात नसत.

फळीबद्दल सांगायला हवं. माणसाच्या उंचीची, दीड वीत रुंद. कडेने ओळीने भोकं. बाई म्हणायच्या, ही ज्या जहाजाची, ते खिळे मारून नाही, काथ्याने शिवून केलेलं होतं. फळीला फळी जोडून, दोर ओवून. एका भोकात काथ्याचा तुकडा अजून होता आणि त्याला गाठ होती. बाई भिंगातून ती गाठ बघत बसायच्या. “ज्याने ही मारली, त्याची बोटं मला दिसतात.” मला दिसायची नाहीत, पण मी हो म्हणायचे.

एकदा आबांनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघून म्हणाले, “ही तर आमची दाव्याची गाठ हाय. म्हस कितीबी वढू द्या, सुटत न्हाई. पर आपुन एका झटक्यात सोडू शकतो.” आणि त्यांनी खिशातल्या सुतळीने ती बांधून, ओढून, सोडून दाखवली. बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आबांना ती पाच वेळा करायला लावली, चित्र काढलं आणि वहीत खाली आबांचं पूर्ण नाव लिहिलं. “हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही हो.” त्या रात्री जेवताना आबा आईला म्हणाले, “माजं नाव लिवलं वहीत. शाईनं.”

मी बाईंना एकदा विचारलं, की या कामात पुढे काय असतं? मला खरं तर नोकरी विचारायची होती, पण धीर झाला नाही. बाईंनी ते ओळखलं. म्हणाल्या, “संग्रहालयात घेतात, उत्खननावर घेतात, प्रयोगशाळेत घेतात. जागा थोड्या असतात. वाट बघावी लागते. आणि काम चांगलं झालं, तर काही केलंय हे कुणाला कळतच नाही. बिघडलं तरच नाव होतं.” मग म्हणाल्या, “तुम्हाला जमेल. तुमचा हात हलका आहे.” माझ्याबद्दल कुणी इतकं नेमकं काही आधी बोललं नव्हतं. आई-आबांना मात्र मी समोरच्या काचेच्या इमारतीत लागावं असं वाटायचं. तेही चूक नव्हतं. ती इमारत आमच्याच रानात उभी आहे. आपल्या रानात आपल्या पोरीने गळ्यात ओळखपत्र घालून जावं, ही आबांची इच्छा मला आजही समजते.

मी शेवटच्या वर्षाला असताना, होळीच्या सुमारास, एका सकाळी मी थेंब टाकले आणि पाणी नितळच राहिलं. मी परत टाकले. नितळ. मी बाईंना हाक मारली. त्यांनी स्वतः तीनदा करून बघितलं, आणि मग दारात जाऊन आबांना ओरडून सांगितलं, “अहो, दूध आलं नाही!” आबांनी त्या दिवशी पेढे आणले. दूध आलं नाही म्हणून पेढे वाटणारा गोठा तो एकच असेल.

आता पुढचं काम होतं. फळीत पाण्याच्या जागी मेणासारखं एक रसायन हळूहळू मुरवायचं, म्हणजे नंतर ती वाळवता येते. बाईंनी मला ते फळीला बोट न लावता, हवेत बोट फिरवत समजावलं. “हे आता लाकूड राहिलेलं नाही. लाकडाचं जे बळ असतं, ते समुद्राने केव्हाच खाल्लं. उरलंय ते नुसतं जाळं, आणि त्यात भरलेलं पाणी. ही फळी पाण्यावर उभी आहे. पाणी निघून गेलं, की आतली घरं एकावर एक बसतात. मग परत काही करता येत नाही.”

पण त्याआधी बाईंना डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. मोतीबिंदू पिकला होता. दूध थांबेपर्यंत जात नाही, असं म्हणून त्यांनी वर्षभर ते पुढे ढकललं होतं. आता दहा दिवस त्या साताऱ्याला भाचीकडे जाणार होत्या. निघताना मला म्हणाल्या, “बुधवारी पाणी बदला. शेवाळ धरू देऊ नका. टाकी रिकामी असेल तेवढा वेळ ओलं गोणपाट, त्यावर सारखं पाणी. आणि आबांना समजावून ठेवा. नुसतं काम सांगू नका हो, कारण सांगा. कारण कळलं की माणूस आपल्या डोक्याने सांभाळतो.”

मी हो म्हटलं.

गुरुवारी माझी कॉलेजात एका कंपनीची मुलाखत होती. बुधवारी मी दिवसभर आरशासमोर उत्तरं पाठ करत बसले. पाणी बदलायचं राहिलं. रात्री आठवलं, तेव्हा म्हटलं, सकाळी करू. सकाळी उठून टाकीचं बूच काढलं, पाणी मोरीतून जाऊ दिलं, शेवाळ पुसून काढलं. मोटर लावली आणि लाइट गेली. गुरुवार. ती ओळ माझ्या समोर दारावर होती.

बसची वेळ झाली होती. मी फळीवर ओली गोणपाटं टाकली, आणि ओसरीत बसलेल्या आबांना म्हटलं, “लाइट आली की मोटर लावा. तोवर फळी बघा.”

आबा म्हणाले, “बगतो म्हंजी काय करू?”

“काही करू नका हो आबा. नुसतं बघा.”

“आगं पर ती तशी का...”

“आबा, मला उशीर होतोय. तुम्हाला नाही कळणार ते.”

एवढंच मी बोलले. मी हे वाक्य पुष्कळदा बोलायचे तेव्हा. फॉर्म भरताना, मोबाइल दाखवताना. आबा त्यावर कधी काही म्हणायचे नाहीत.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुमचा एखादा दोष सांगा. मी पाठ केल्याप्रमाणे इंग्रजीत सांगितलं, की मी जबाबदारी फारच मनाला लावून घेते. ते हसले, मीही हसले. त्यांनी मला घेतलं नाही, पण ते सोडा. मी ते वाक्य बोलत होते, तेव्हा फळी कुठे होती हे मला नंतर कळलं.

लाइट पाच वाजेपर्यंत आली नाही. उन्हाचे दिवस. आबा दोन-तीनदा जाऊन बघून आले. मी सांगितलं होतं, बघा. त्यांनी गोणपाट उचलून बघितलं. लाकूड काळं, ओलंचिंब, बोट लावलं तर मऊ, वर शेवाळाचा वास. आबांनी आयुष्यभर लाकूड हाताळलंय: जू, शिवळा, खांब, आढं. ओलं लाकूड झाकून ठेवलं की कुजतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आणि ही तर बाईंची फळी, जिच्यावर त्यांची गाठ होती. त्यांनी ती दोन्ही हातांवर आडवी घेतली, लेकरू घ्यावं तशी. अंगणात बाजेवर ठेवली. दुपारभर मधूनमधून उलटी-सुलटी केली, दोन्ही अंगांना सारखं ऊन लागावं म्हणून.

मी आले तेव्हा ते फाटकातच उभे होते. “चल, बग. कशी खडखडीत वाळवलीया. वासबी गेला सगळा.”

फळी बाजेवर होती. ती वाकली होती, एका टोकाला पिळवटली होती. मधून लांब तडे गेले होते. इतकी आक्रसली होती, की मला आधी ती दुसरीच कुठली तरी वाटली. त्या भोकाखाली, बाजेच्या नवारीवर, चिमूटभर तपकिरी भुगा पडला होता. ती गाठ होती.

मी काय बोलले, आठवत नाही. आबांचा चेहरा आठवतो. त्यांना काय झालंय ते कळलं नव्हतं. काहीतरी झालंय एवढं माझ्याकडे बघून कळलं होतं. मी फळी परत टाकीत ठेवली, पाणी सोडलं. उपयोग नाही हे मला माहीत होतं.

बाई ठरल्या दिवशी आल्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. फोनवर मी नुसतं ‘लवकर या’ म्हटलं होतं. त्या टाकीपाशी बसल्या आणि पाण्यात हात घालून फळीवरून फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. गाठीच्या भोकापाशी बोट थांबलं. मग त्यांनी विचारलं,

“कुणी बाहेर काढली?”

आबा दारात होते. “म्या काडली.”

“का हो?”

“वली हुती. कुजंल म्हनलं.”

बाई म्हणाल्या, “लाकडाशी असंच वागतात. तुम्ही बरोबरच वागलात.” मग त्यांनी मान वळवून, उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. “आबांना कारण सांगितलं नव्हतं?”

मी तोंड उघडलं. त्याआधी आबा बोलले. “सांगितलं हुतं की पोरीनं. लई समजावून सांगितलं. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई. म्हाताऱ्याचं डोस्कं.”

मी गप्प राहिले.

एवढंच आहे. एवढंच मला सांगायचं होतं. त्यानंतर बोलायला मला कितीतरी दिवस होते. संग्रहालयाची माणसं आली आणि नांगर, खापरं, फळी, सगळं टेंपोत घालून घेऊन गेली. परत त्यांनी बाईंकडे काही पाठवलं नाही. बाई रिकाम्या टाक्यांपाशी महिनाभर राहिल्या. रोज सकाळी हात कोपरापर्यंत धुवायच्या आणि मग काही काम नाही हे आठवून पायरीवर बसायच्या. तेव्हाही मी चहा घेऊन जात होते. तेव्हा सांगता आलं असतं. आबा गोठ्याकडे फिरकेनासे झाले. बाईंनी हाक मारली, तरी लांबूनच “कामात हाय बाई” म्हणायचे.

जाताना बाईंनी मला एक लिफाफा दिला. मी वस्तू जतन करण्याच्या अभ्यासक्रमाला अर्ज करणार होते, त्यासाठी शिफारसपत्र. मी ते बंदच पाठवलं. प्रवेश मिळाल्यावर तिथल्या एका मॅडमनी मला त्यातली ओळ कौतुकाने वाचून दाखवली: ‘ही मुलगी दुसऱ्याला काम सांगताना त्याचं कारणही सांगते. या क्षेत्रात हा गुण मी फार थोड्यांत पाहिला.’

मी मॅडमना थँक्यू म्हटलं. 

बाईंना मी दोनदा पत्र लिहायला घेतलं. मग ठरवलं, कोर्स संपला की समोर जाऊनच सांगू. गेल्या दिवाळीनंतर भाचीचा फोन आला. बाई जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या सामानात वह्या निघाल्या, त्यावर तुझं नाव आहे, पाठवू का, असं ती विचारत होती.

सध्या मी उन्हाळ्याच्या प्रशिक्षणासाठी किनाऱ्यावरच्या त्याच संग्रहालयात आहे. मी मागून घेतलं. कोठीतल्या वस्तूंची आजची अवस्था नोंदवायचं काम माझ्याकडे आहे. चौथ्या दिवशी सगळ्यात खालच्या कप्प्यात, कापडात गुंडाळलेली, ती फळी मला सापडली. सोबत बाईंच्या अक्षरातलं कार्ड. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘हानीचे कारण – उघड्यावर वाळली. घरमालकांना कारण समजावून सांगितले होते. तरी मी गैरहजर राहायला नको होते. जबाबदारी माझी.’

नव्या कार्डावर जुनी नोंद उतरवायची आणि काही दुरुस्ती असेल तर खाली लिहायची, अशी पद्धत आहे. मी बाईंची ओळ जशीच्या तशी उतरवली. खाली लिहिलं: ‘दुरुस्ती – घरमालकांना कारण सांगितले नव्हते. सांगण्याचे काम माझ्याकडे होते. पाणीही ठरल्या दिवशी बदलले नव्हते.’ आणि माझं पूर्ण नाव.

कोठीचे सर चष्मा वर करून म्हणाले, “एवढं लिहायची गरज आहे का गं? वस्तूची नोंद आहे ही.”

मी म्हटलं, “हो सर. वस्तूचंच आहे.”

मग मी बाहेर गेले. कोठीत रडायचं नाही, हे वळण लागलेलं आहे. समोर खाडी होती. झाल्यावर मी हात धुतले आणि आबांना फोन लावला. त्यांनी आधी जेवलीस का विचारलं, मग उकाडा लई हाय का विचारलं.

“आबा, ती फळी सापडली.”

 आबा म्हणाले, “उनात न्हाई ना ठिवली?”

“नाही. आबा, तुम्ही त्या दिवशी बाईंना खोटं सांगितलंत. मी तुम्हाला काही समजावलं नव्हतं.”

“आसू दे गं. झालं ते.”

“नाही, ऐका.” आणि मी त्यांना सांगितलं. समुद्राने लाकडाचं बळ कसं खाल्लं, मागे नुसतं जाळं कसं उरलं, त्यात पाणी कसं भरलं होतं, आणि फळी त्या पाण्यावरच कशी उभी होती. मी बाईंच्याच शब्दांत सांगत होते. आबा मध्ये ‘व्हय’, ‘बरं’ म्हणत होते. तीन-चार मिनिटं लागली असतील, जास्त नाही.

“म्हंजी पानी गेलं की ती बसनार.”

“हो आबा.”

“मंग हे सांगायचं न्हाई का गं त्या दिशी?” आबा म्हणाले. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. “लाइट नव्हती तर नव्हती. म्या हिरीवरनं बादल्या आनून वतल्या असत्या की सांजपातूर.”